स्वयंपाकघराची लाइन

दूध घेऊन मी दारात आलो आणि मशीनचा आवाज येत नव्हता.

पिशवी उंबऱ्यावर टाकून आत धावलो. मालन कॉटवर उशीला टेकून बसली होती. मशीनची नळी काढून तिने सिलिंडरची नळी नाकाला लावली होती, मी शिकवलं होतं तसं. तिने हातानेच मला सांगितलं, सावकाश, काही झालेलं नाही. मी तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं ते छोटं यंत्र लावलं. ब्याण्णव. मग सोप्यात येऊन बोर्ड बघितला. शेजारीपाजारी लाइट होती. आमच्याच ब्रेकरचं बटण खाली पडलं होतं. वर केलं तर राहिलं. आत मशीन परत सुरू झालं.

"कधी गेली?" मी विचारलं.

"आत्ताच," ती म्हणाली. "तुम्ही कोपऱ्यावर असाल तेव्हा."

काही वर्षांपूर्वीच्या चैत्रातली ही गोष्ट. सोमवार होता. तासगाव तालुक्यात मी एकतीस वर्षं वायरमन म्हणून नोकरी केली. कोरोनात आम्ही दोघंही दवाखान्यात होतो. माझा वास गेला, तो अजून आलेला नाही. मालनची फुप्फुसं गेली. आधी दोन वर्षं ती घरात धरून धरून फिरत होती. पुढे पाच महिने मशीनवर होती. मशीन खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन काढून देतं, पण त्याला चोवीस तास लाइट लागते. लाइट गेली तर सिलिंडर. आमच्याकडे लहान दोन होते. एक भरलेला असला की दीड तास जातो.

म्हणून मशीन घरात आलं त्या दिवशीच मी बोर्डावर नवा ब्रेकर बसवून घेतला. खोल्यांचे जुने चिनी मातीचे फ्यूज तसेच ठेवले. ब्रेकर का पडतो, हे मला लोकांना सांगून पाठ झालं होतं. एकाच वेळी फार वस्तू लावल्या तर पडतो. वायरला वायर चिकटली तर पडतो. आणि तिसरं कारण लोकांच्या लक्षात येत नाही. घरात जेवढा करंट जातो तेवढा परत आला पाहिजे. थोडा जरी कमी आला तरी तो कुठंतरी गळतोय, ओल्या भिंतीतून, गिझरच्या पत्र्यातून, नाहीतर माणसाच्या अंगातून. तेव्हा ब्रेकर पडतो. लोक चिडून ब्रेकरला शिव्या देतात, पण तो बिचारा त्याचं काम करत असतो. गळती शोधायची असते.

मंगळवारी परत तेच. मी चारला दुधाला गेलो, पावणेपाचला आलो, मशीन बंद. बटण वर केलं, राहिलं. मालन सिलिंडरवर. मग मात्र मी दस्तगीरला फोन केला.

दस्तगीर मुलाणी माझ्या हाताखाली हेल्पर म्हणून आला होता. आता पन्नाशीचा आहे आणि स्टँडमागे त्याचं मोटर दुरुस्तीचं दुकान आहे. बुधवारी सकाळी तो करंट तपासायचं मीटर घेऊन आला. आधी मालनजवळ बसला. जेवण जातंय का, असं त्याने विचारलं.

"जातंय की," मालन म्हणाली. "ह्यांच्या आमटीत पोहता येतंय. खायचं म्हणशील तर डाळ सापडायला पाहिजे."

दस्तगीर हसला. मीही हसलो. पाच महिने मीच रांधत होतो. मला वास येत नव्हता, त्यामुळे फोडणी जळाली तरी कळायचं नाही. ती काही बोलायची नाही, पण मी कसं जेवतो ते बघत बसायची.

आम्ही दोघांनी दोन तास घर तपासलं. गिझर, फ्रिज, पंखे, मोटर, मशीन. सगळं चांगलं होतं. स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात फडकं घातलेला जुना मिक्सर होता, स्टीलच्या अंगाचा. दस्तगीरने फडक्याला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, तो राहू दे, पाच महिने त्याला कुणी शिवलेलं नाही. तो पुढे गेला.

जाताना तो म्हणाला, दादा, मशीनला मीटरपासून वेगळी लाइन देऊ, वेगळा ब्रेकर लावू, मिरजेहून सोमवारपर्यंत येईल. तोवर हा ब्रेकर काढून डायरेक्ट जोडतो. मी नाही म्हणालो. डायरेक्ट जोडलेल्या घरांतून मी दोन माणसं उचलली होती. गळती सापडल्याशिवाय लाइन चालू ठेवायची नाही, हे मीच त्याला शिकवलं होतं.

त्याच दिवशी चार ते पाचमध्ये परत ब्रेकर पडला.

आता यात एक गोष्ट मला तेव्हाच दिसायला पाहिजे होती. तो मी घरात असताना कधीच पडत नव्हता. पण माझं डोकं वायरींत होतं. मी म्हटलं, चारला ऊन पश्चिमेच्या भिंतीवर येतं, वायर तापते, त्याने होत असेल. दुपारभर मी भिंतीला हात लावून बसलो. मालन म्हणाली, बसू नका, जरा माणसांत जाऊन या, पारावर बसा, दूध आणा. रोज चार वाजले की ती हेच म्हणायची. मला वाटायचं, माझी काळजी करते.

बाहेर काम करताना लाइन कुठं खराब आहे ते शोधायची आमची एक रीत होती. एकेक तुकडा तोडायचा आणि बाकीची लाइन धरते का बघायचं. तसंच मी घरात केलं. गुरुवारी सोप्याचा आणि न्हाणीघराचा फ्यूज काढून ठेवला. ब्रेकर पडला. शुक्रवारी ते परत बसवले आणि स्वयंपाकघराचा काढला. त्या दिवशी मी पाचला घरी आलो तेव्हा मशीन चालू होतं. मालन भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

मला फार बरं वाटलं. सापडलं म्हणून मी दस्तगीरला फोनवर सांगितलं. स्वयंपाकघराची लाइन आहे, भिंतीत वायर कुजली असेल, सोमवारी ओढून टाकू. तोवर ती बंद ठेवतो.

डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवर, काम करताना आम्ही फ्यूज काढले की ते तिथे ठेवत नसू, आपल्याजवळ ठेवत असू. मागे कुणी येऊन लाइन चालू केली तर वर चढलेला माणूस मेला. एकतीस वर्षांची सवय. स्वयंपाकघराचा फ्यूज मी सदऱ्याच्या खिशात टाकला. शनिवारी सकाळी अंघोळ करून दुसरा सदरा घातला तेव्हाही आठवणीने त्या खिशातून या खिशात घेतला.

शनिवारी मला सांगलीला जायचं होतं. आठवडाभरात एक सिलिंडर पूर्ण संपला होता, तो भरून आणायचा होता. दुसरा कॉटजवळ होता. त्याचा काटा अर्ध्याच्या खाली होता, पण ब्रेकर आता पडणार नाही याची मला खात्री होती. शेजारच्या वैजंताला मालनजवळ बसायला सांगितलं. ही वैजंता माझ्या लेकीच्या वयाची. मालनला काकी म्हणते, मला अण्णा. लेक आमची चिंचवडला, त्यामुळे अडीनडीला वैजंताच. निघताना दोघी कसल्यातरी गप्पांत होत्या. मी खोलीत गेलो तशा थांबल्या.

सिलिंडर भरून परत निघालो तेव्हा साडेतीन झाले होते. वडापच्या जीपमध्ये मागच्या बाजूला बसलो होतो, भरलेला सिलिंडर दोन्ही गुडघ्यांत धरून. कवठेएकंदच्या अलीकडे फोन वाजला. वैजंताचा.

"अण्णा, लाइट राहीना. बटण वर करते, परत पडतंय."

मी विचारलं, किती वेळ झाला. तिला नक्की माहीत नव्हतं. ती घरी गेली होती, परत येऊन बघते तर मशीन बंद. पंधरा मिनिटं झाली असतील, वीस असतील.

"काकी सिलिंडरवर आहेत ना?"

"सिलिंडर संपलाय अण्णा. काटा खाली टेकलाय. काकींचे ओठ काळे पडलेत."

जीपमध्ये बारा माणसं होती. सगळी माझ्याकडे बघायला लागली. माझ्या गुडघ्यांत दीड तासाचा ऑक्सिजन होता आणि घर अकरा किलोमीटर लांब होतं. ड्रायव्हरने न सांगता गाडी जोरात सोडली.

मी वैजंताला म्हणालो, घरातले सगळे प्लग काढ, मग बटण वर कर. ती पळाली, ते मला फोनमध्ये ऐकू येत होतं. फ्रिज काढला म्हणाली. टीव्ही काढला. बटण वर केलं. पडलं.

 स्वयंपाकघर बंद होतं. त्याचा फ्यूज माझ्या खिशात होता. बाकी सगळी लाइन मी स्वतः बघितली होती.

"खोलीत काय काय लावलंय?" मी विचारलं. "काकींच्या खोलीत."

"मशीन हाय."

"आणखी?"

"मशीनच," ती परत म्हणाली.

"वैजंता, आणखी काय आहे?"

"मिक्सर," ती म्हणाली.

मला वाटलं चुकीचं ऐकलं. मी परत विचारलं.

"मिक्सर हाय अण्णा. मागनं सांगते. काढू का?"

"काढ. वायर ओढून काढ. आता बटण वर कर."

ती बोर्डाकडे पळाल्याचं ऐकू आलं. मग ती म्हणाली, राहिलं. आणि मग फोनमधून मला मशीनचा आवाज आला. मी फोन तसाच कानाला धरून घरापर्यंत आलो. वैजंता मधे मधे आकडा सांगत होती. एकाहत्तर. चौऱ्याहत्तर. एकोणऐंशी. जीपमधली एक म्हातारी प्रत्येक आकड्याला हात जोडत होती. तिला त्याचा अर्थ माहीत नव्हता.

मी पोहोचलो तेव्हा पंच्याऐंशी होता. मालनचे डोळे उघडे होते. कॉटखाली फरशीवर मिक्सर होता, त्याच्या भांड्यात तांबूस ओलं काहीतरी. शेजारी स्टीलचा मोठा डबा, अर्धा भरलेला.

वैजंता रडत रडत सगळं बोलली. आमच्याकडे चैत्रात वर्षाची चटणी करतात, कांदा-लसणाची. मालनच्या हातच्या चटणीशिवाय मी चाळीस वर्षांत जेवलो नव्हतो. बहिणीकडे गेलो तरी पुडी बरोबर असायची. ती तिला करायची होती. मिरची डंकावरून कुटून आणली वैजंताने, खोबरं आणि खडा मसाला तिने आपल्या घरी भाजला, कांदा-लसूण तळला. सगळं एकत्र वाटायचं तेवढं मालनने स्वतःकडे ठेवलं होतं. कशात काय किती पडतं ते ती बोटाला लावून, जिभेवर ठेवून ठरवायची. ते दुसऱ्याला सांगता येत नाही म्हणाली. मी चारला बाहेर पडलो की वैजंता मागच्या दाराने यायची. मालन नळी ओढत स्वयंपाकघरात जायची. दोन भांडी वाटून व्हायची, तिसऱ्याला ब्रेकर पडायचा. बोर्डाला हात लावायला दोघी भ्यायच्या, म्हणून बटण तसंच खाली राहायचं. मग मिक्सर पुसून फडकं घालायचं आणि मी यायच्या आत कॉटवर. घरभर मसाल्याचा वास असायचा म्हणे. तो मला येणार नव्हता, हे दोघींना माहीत होतं. शनिवारी स्वयंपाकघरात लाइट नव्हती, म्हणून मिक्सर खोलीत आणला. शेवटचं खोबरं भाजायला वैजंता घरी गेली, तेवढ्यात मालनने भांडं लावलं.

डॉक्टरने तिला मसाल्याच्या जवळ फिरकू द्यायचं नाही म्हणून दहा वेळा सांगितलं होतं.

मी वैजंताला घरी पाठवलं. मग मी मालनला बोललो. बेचाळीस वर्षांच्या संसारात इतकं कधी बोललो नव्हतो. कुणासाठी चाललंय हे, असं विचारलं. मी बाजारातला मसाला आणून खाईन, नाहीतर बिनमसाल्याचं खाईन, पण तू मला जिवंत पाहिजेस, आणि तुला एवढी अक्कल नाही का. आणखीही काही बोललो, ते इथे लिहीत नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. दम लागत होता, म्हणून थांबून थांबून बोलली.

"तुम्ही एकतीस वर्षं खांबावर चढलात. पावसात चढलात, वाऱ्यात चढलात. दोनदा पडलात." मग बराच वेळ श्वास घेतला. "मी कधी शिडी काढून घेतली का?"

 ते काम होतं, असं काहीतरी मी म्हणालो.

"हे पण कामच हाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रविवार असूनही दस्तगीर आला. सोप्यात बसून त्याने मिक्सर खोलला. भांड्याच्या बुडाचा बुश, पात्याच्या दांड्याभोवतीची कडी, झिजला होता. कांद्या-लसणाचं मिठाचं पाणी तिथून झिरपून मोटरीत उतरत होतं. कोरडं असलं की चालायचं, पाणी उतरलं की करंट पत्र्यात गळायचा आणि ब्रेकर पडायचा. पाच महिने याला कुणी शिवलं नाही म्हणणारा मीच होतो.

"काही विशेष नाही दादा," दस्तगीर म्हणाला. "बुश बदलतो, मोटर उन्हात वाळवतो. अर्ध्या तासाचं काम आहे. संध्याकाळी वैनींना आणून देतो."

आतलं दार उघडं होतं. मालनला ऐकू जात होतं. तिने मान आमच्याकडे वळवली होती, ते मला बसल्या जागेवरून दिसत होतं.

बरोबर काय ते मला माहीत होतं. मिक्सर दुरुस्त करायचा. तिच्या कॉटजवळ टेबल ठेवायचं, मी भांडं धरायचं, तिने बोटाला लावून सांगायचं, मीठ घाल, धणे घाल. रोज एक भांडं झालं असतं, तरी दहा-बारा दिवसांत डबा भरला असता. हे सगळं मला आता सुचतं असं नाही. तेव्हाही, दस्तगीरच्या समोर बसलेलो असताना, सुचलं होतं.

पण मला तो एकाहत्तरचा आकडा ऐकू येत होता.

"घेऊन जा," मी म्हणालो.

"दुरुस्त करून आणू ना?"

"आणू नको."

त्याने एकदा आत बघितलं, एकदा माझ्याकडे. मग मिक्सर पिशवीत घातला आणि गेला. मी डबा वैजंताकडे देऊन टाकला. सोमवारी मशीनची लाइनही वेगळी झाली.

पुढे एकोणीस दिवस ब्रेकर एकदाही पडला नाही. चार वाजले की मालन मला बाहेर जायला सांगायची नाही. मी गेलो तरी ठीक, बसलो तरी ठीक. वैजंता यायची, दोघी बसायच्या, पण बोलणं कमी झालं होतं. माझ्या आमटीला ती नावं ठेवायची नाही. ताटात वाढलं तेवढं थोडं खायची आणि ताट सारायची. डॉक्टर घरी येऊन गेले. म्हणाले, फुप्फुसं संपलीच आहेत, थोडं मागं-पुढं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. लेक येऊन चार दिवस राहिली. तीही तेच म्हणाली. कदाचित खरं असेल. मी डॉक्टर नाही. मला एवढंच माहीत आहे की त्या शनिवारपर्यंत ती रोज उठत होती, आणि मी सांगितल्यावर परत उठली नाही.

मधे एकदा, बाराव्या की तेराव्या दिवशी, मी तिला भात भरवत होतो. तिने माझा हात थांबवला.

"मला एकदा आत नेऊन बसवा," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात. काही करणार न्हाई. नुसती बसते."

मी बोटाचं यंत्र बघितलं. अठ्ठ्याऐंशी होता. म्हणालो, आज नको, उद्या जरा वर आला की नेतो. ती बरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी सत्त्याऐंशी होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी पंच्याऐंशी. तिने परत विचारलं नाही. मी रोज सकाळी आकडा बघायचो आणि उद्यावर टाकायचो.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी अकराला ती गेली. मशीन चालू होतं. ते कुणी बंद केलं मला आठवत नाही.

बायका जमल्या. सोप्यात घोंगडं अंथरलं. तिला बाहेर आणायची होती. दस्तगीर पुढे झाला, आपण दोघं उचलू दादा, म्हणाला. मी एका हाताने मानेखाली धरलं, दुसऱ्या हाताने गुडघ्यांखाली, आणि त्याने हात लावायच्या आत ती उचलली गेली. काहीच वजन नव्हतं. मी तिला घेऊन खोलीच्या दारात उभा राहिलो. डावीकडे सोपा, तिथं माणसं वाट बघत होती. उजवीकडे चार पावलांवर स्वयंपाकघर.

"दादा, इकडं," दस्तगीर म्हणाला.

मी डावीकडे वळलो.